नीटची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) मॉक टेस्ट घरी द्यायची तर अशी द्या

इंदूरात भंवरकुआंला क्लास लावलाय मग घरी मॉक कशाला असं म्हणू नका, विषय येणं वेगळं आणि 180 मिनिटांत 180 प्रश्न उरकणं वेगळं. वेळ दुपारी 2 ते 5 चीच धरा, खरा पेपर तेव्हाच असतो आणि आपल्याला नेमक्या तेव्हाच डुलक्या येतात (पोहे-जिलबी सकाळीच आटपा). ओएमआर उत्तरपत्रिकेची प्रिंट काढून काळ्या बॉलपेनानी गोळे भरा, त्यातच किती वेळ जातो बघा. बरोबरला 4, चुकलं की 1 कट, म्हणून तुक्के मारलेत तिथं खूण करा नि नंतर मोजा, कमावले की घालवले. 4 मे 2025 ला इंदूरात ऐन पेपरात वादळानं लाईट गेली होती, म्हणून एखादी मॉक पंखा बंद करूनपण द्या. दुसऱ्या दिवशी नुसत्या चुका बघायच्या, नवीन मॉक नको.