बेसनाची धूळ फुंकू नका: नमकीन कारखान्यांनी या चुका टाळा

इंदूरला सांवेर रोडवरच्या एका नमकीन कारखान्यात दर शनिवारी हवेच्या पाइपने साफसफाई व्हायची. शिफ्ट सुटताना एक पोरगा शिडीवर चढायचा, गर्डरवरचं बेसन उडवायचा आणि बराच वेळ समोरचा माणूस दिसायचा नाही. "दादा, एकदम चकाचक!" म्हणायचा. मला धडकी भरायची. आजही आठवलं की भरते.

ढिगातलं बेसन सहजासहजी पेटत नाही. तेच बंदिस्त जागेत ढगासारखं पसरलं आणि ठिणगी मिळाली, की स्फोट होतो. मैदा, स्टार्च, दूध पावडर, पिठीसाखर, सगळ्यांचं हेच.

7 फेब्रुवारी 2008 रोजी अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात असाच स्फोट होऊन 14 जण गेले. साखरेत कचरा पडू नये म्हणून सायलोखालच्या (साखर साठवायच्या उंच टाक्यांखालच्या) वाहक पट्ट्याला आदल्या वर्षी पत्र्याचं आवरण घातलं होतं. पहिला स्फोट त्या आवरणात झाला. त्याच्या दणक्याने मजल्यांवर, तुळयांवर साठलेली भुकटी उडाली आणि पुढचे स्फोट तिचे. म्हणून वर बघा. गर्डरवरच्या थरात बोटाने नाव लिहिता येत असेल, तर काम थांबवून तो आधी काढा. ओलसर फडक्याने पुसा किंवा पेटत्या धुळीसाठीच बनवलेला व्हॅक्यूम वापरा. साध्या व्हॅक्यूमच्या मोटरमध्येच ठिणग्या उडतात.

दुसरी चूक नाकाची. नमकीनच्या कारखान्यात भाजल्याचा वास रोजचाच, म्हणून लक्ष जात नाही. पण कढईपासून लांब, चक्की किंवा एलिव्हेटरपाशी (माल वर चढवणाऱ्या पट्ट्यापाशी) खरपूस वास आला, तर बेअरिंग तापलंय किंवा पट्टा घसरतोय असं समजा. मशीन बंद करा आणि झाकण लगेच उघडू नका. आत धुमसत असेल तर हवा लागून भडका उडेल. डाळीतले खिळे पकडणारं चुंबक रोज साफ करा. वेल्डिंगआधी पाइप आतूनही रिकामा करा, संपल्यावर तासभर तिथे माणूस बसवा.

बॉयलरचं थोडक्यात: सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून ठेवू नका. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्याही खाली पाणी गेलं तर आधी आग बंद करा, गार पाणी सोडू नका.

कढईखालचा बर्नर विझला तर लगेच काडी लावू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, ती नालीत जाऊन बसते. सोयाबीन तेलाच्या प्लांटमधल्या हेक्झेनची (तेल काढायला वापरतात त्या ज्वलनशील द्रवाची) वाफही तशीच खाली उतरते. तिथे तर खिशातला मोबाइलसुद्धा गेटवर ठेवून जा.