थंडीत बोडीतला मासा: जिवाणूंची गर्दी वाढू देऊ नका

धान निघाला की भंडारा-गोंदियाकडे बोडीवर, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या छोट्या तळ्यावर, कोणी फिरकत नाही. नेमके तेव्हाच रोहू, मृगळच्या अंगावर लाल चट्टे उठतात, शेपूट झडू लागते. थंडीने माशाची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते, त्यात पाणी उतरून मासे दाटीने राहतात.

या चट्ट्यांमागे बऱ्याचदा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू असतो. तो बोडीत बारमाही असतो. थोडा असला तर फारसे बिघडत नाही. प्रत्येक जिवाणू पाण्यात एक रासायनिक संकेत सोडत राहतो आणि संख्या वाढली की संकेतही दाट होतो. ग्रामसभेत गणपूर्ती झाल्यावरच ठराव होतो, तसे ठरावीक दाटी झाली की हे जिवाणू माशाचे मांस विरघळवणारे विकर (एन्झाइम) एकदम सोडू लागतात. ही यंत्रणा 1970 च्या सुमारास समुद्रातल्या चमकणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूत उमगली. समुद्री माशांना पिडणाऱ्या व्हिब्रिओ हार्वेयी, व्हिब्रिओ अँग्विलारम यांच्यातही ती आहे. सगळेच मात्र असे वागत नाहीत. कॉलऱ्याचा व्हिब्रिओ उलट, दाटी कमी असतानाच विष बनवतो.

संकेत तोडणारी विकरे काही बॅसिलस जिवाणूंत सापडली आहेत. म्हणून दुकानातली प्रत्येक प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची) पुडी तेच काम करते असे नाही, पुडीवर भरवसा ठेवून बसू नका.

आपल्या हातात आहे ती दाटी. सकाळी तळाशी कोंडा-ढेप उरलेली दिसली तर त्या दिवशी खाद्य बंद. थंडीत मासा खातच कमी, आणि उरलेले खाद्य जिवाणूच खातात. मेलेला मासा लगेच काढून चुना टाकून पुरा, बांधावर फेकू नका. दुसऱ्या तलावातून आलेले जाळे उन्हात कडक वाळवूनच पाण्यात घाला, ओल्या गाठींत जिवाणूंचा चिकट थर टिकतो. एकरी सुमारे 40 किलो चुना भिजवून, थंड करून पसरा. पाण्याचा सामू (पीएच) 8.5 च्या वर असेल तर नको, चुन्याने तो आणखी चढून पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो.

जखम खोल, मांसापर्यंत गेली असेल तर मुळात बुरशीचा रोग असू शकतो. मेलेला नव्हे, जिवंत आजारी मासा घेऊन नागपूरच्या तेलंगखेडीतील मत्स्यविज्ञान महाविद्यालयात किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा. त्याआधी अँटिबायोटिक टाकू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर मत्स्यपालनात बंदच आहेत, कोणी दिली तरी घेऊ नका.