गुडघा बदलल्यावरचं दुखणं: गोळी घड्याळावर, उशी टाचेखाली

आईचे दोन्ही गुडघे आणि नंतर सासूबाईंचा एक, तिन्ही वेळा नागपूरच्या धंतोलीतल्या हॉस्पिटलातून पेशंट घरी आणला अन् पुढचे दिवस मीच काढले. त्यामुळे "थोडं सहन करा, गोळ्या जास्त खाऊ नका" म्हणणाऱ्या पाहुण्यांचं मी आता ऐकत नाही.

गोळ्या डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवरच द्या, दुखायला लागल्यावर नाही, कारण एकदा कळ चढली की उतरायला फार वेळ लागतो. डॉक्टरांना विचारून एक डोस व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल असा बसवा. अन् घरातली तापाची गोळी वरून देऊ नका, दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. ट्रॅमाडॉल (दुखण्याची जास्त जोराची गोळी) असेल तर पोट साफ होत नाही, चक्कर येते, रात्री बाथरूमला एकटं जाऊ देऊ नका.

बर्फ सुती कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. मे महिन्यात कूलरसमोर बसलं की बरं वाटतं पण सूज बर्फानेच उतरते.

आता उशी. इथेच मी चुकले. आईच्या पहिल्या वेळी ती रात्रभर कण्हायची, गुडघ्याखाली उशी दिली की तिला लगेच आराम पडायचा, मग मी रोज देत गेले. महिन्याभराने पाय सरळच होईना! गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडला होता, अन् तो सरळ करायला जे दुखलं ते ऑपरेशनपेक्षा जास्त, आई रडायची आणि मला बघवत नव्हतं.

म्हणून उशी गुडघ्याखाली नाहीच, कितीही मागू दे. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा मोकळा राहू द्या, मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबायला सांगा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. ताणल्याचं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या वेळी आईने पहिल्या दिवसापासून हेच केलं अन् पाय तेव्हाच सरळ झाला.

सूज उतरवायची तर पूर्ण पायच उंच ठेवा, पोटरी-टाचेखाली आधार देऊन.

मालिशवाल्या बाईंना दार उघडू नका. पोटरी सुजून दुखत असेल, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.