ओल्या कचऱ्याच्या कामात उतरताना: जळगावहून नवख्यांसाठी

पर्यावरणशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी आपल्या भागातली मुलं-मुली मला हमखास विचारतात, "ताई, कचऱ्यात करिअर होतं का?" होतं, आणि त्यासाठी खान्देश सोडावा लागत नाही. जळगाव आणि धुळे या दोन महापालिका, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शहाद्यासारख्या नगरपालिका, शिवाय हॉटेलं, वसतिगृहं, मंगल कार्यालयं. 2016 च्या घनकचरा नियमांपासून वर्गीकरण सक्तीचं झालं. रोज सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्यांवर त्याची वेगळी जबाबदारी आली. ती पार पाडायला माणसं लागतात.

प्रकल्प अहवाल वाचण्याआधी आठवडाभर घंटागाडीबरोबर फिरा, हे माझं पहिलं सांगणं. ओल्या कचऱ्यापासून होणारं खत आणि गॅस बिघडतात ते बहुतेक वेळा गाडीतच. वरून भाजीचे देठ दिसतात, पिशवी फोडली की आत दुधाची पिशवी, शेवेचं पाकीट, बांगडीची काच आणि संपलेला पेन्सिल सेल. सेलमधले जड धातू खतात उतरले की चाळणी काही करू शकत नाही. म्हणूनच खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये शहरी कंपोस्टसाठी शिशाची मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम ठेवली आहे. कुठल्या गल्लीत वर्गीकरण होतं आणि कुठे होत नाही, हे मुकादम आणि सफाई कामगार तोंडपाठ सांगतात. त्यांना विचारा. त्यांच्याइतकी माहिती कुठल्याच फायलीत नसते.

आता खताच्या ढिगाकडे. पुस्तकात लिहिलेलं असतं की कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण सुरुवातीला 25 ते 30 ला 1 हवं आणि ओलावा 50 ते 60 टक्के. बरोबरच आहे. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि ढीग बाहेरून आत वाळत येतो. मग तापमान उतरतं आणि लोक म्हणतात, खत तयार झालं. तयार नसतं, पाण्यावाचून जिवाणूंचं काम थांबलेलं असतं. खात्री करायची तर थोडं खत ओलं करून गोणपाटात दोन दिवस बांधून ठेवा. पुन्हा गरम झालं किंवा आंबूस वास आला, तर ते कच्चं आहे. असं खत शेतात गेलं तर ते पिकाचंच नत्र ओढून घेतं. चांगला चाललेला ढीग 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो, म्हणून लांब दांड्याचा थर्मामीटर रोज ढिगाच्या पोटात खुपसा. ओलाव्याला मात्र मूठ पुरते: दाबल्यावर बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब दिसावा, धार लागू नये.

भाजीबाजाराचा कचरा पाणीदार असतो. एकटाच रचला की हवा कोंडते, ढीग सडतो आणि वास गावभर जातो. त्याला कोरडा, कर्बयुक्त माल लागतो आणि तो आपल्याकडे पडून आहे: कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे वाळलेली झाडं. वेचणी संपली की बांधावर ती पेटवून देतात, हे बघून मला दर वर्षी वाईट वाटतं. कुट्टी करून मिसळली तर ढिगात हवाही खेळते. केळीचं खोड मात्र कोरड्या मालात धरू नका, त्यात बहुतेक पाणीच असतं.

बायोगॅस शिकायचा असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, मिथेन करणारे सावकाश. लग्नसराईत एका प्रकल्पावर वरण-बट्टीच्या पंगतींचं उष्टं रोजच्या दुप्पट आलं आणि सगळं टाकीत गेलं. थोड्याच दिवसांत निळी ज्योत पिवळट पडली, मग बर्नर पेटेनाच. गॅस तर येत होता! पण त्यात कार्बन डायऑक्साइड वाढला होता आणि सामू (पीएच, आम्लता दाखवणारा आकडा) साडेसहाच्या खाली गेला होता. खाद्य बंद केलं, गायीच्या शेणाची रबडी आणि जरुरीपुरता चुना दिला, तेव्हा टाकी हळूहळू सावरली. त्यामुळे रोज मोजायच्या गोष्टी म्हणजे खाद्याचं वजन, सामू आणि ज्योत. चांगल्या गॅसमध्ये मिथेन साधारण 55 ते 65 टक्के असतो आणि असा एक घनमीटर गॅस अर्ध्या किलोहून थोड्या कमी एलपीजीचं काम करतो.

सुरक्षेत सवलत नाही. टाकीत किंवा खड्ड्यात एकट्याने कधीच उतरू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, तेव्हा धोका सगळ्यात मोठा असतो. धनुर्वाताची लस, हातमोजे आणि गमबूट हे कामावर रुजू होण्याआधी.

शेवटी खत विकावं लागतं आणि खरी परीक्षा शेतकरी घेतो. पारोळ्याकडच्या एका आबांनी मूठभर खत घेतलं, तळहातावर चोळलं, हुंगलं आणि विचारलं, "ताई, याम्हा काच ते नई ना? आमना मानसं अनवानी चालतस." खत नियंत्रण आदेशात 4 मिलिमीटरच्या चाळणीची अट आहे, कर्ब-नत्र 20 च्या आत हवं असं आहे, राज्याचा 'हरित महासिटी कंपोस्ट' हा ब्रँडही आहे. आबांना मात्र काचेचं उत्तर हवं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल हातात ठेवा, पण गोणी त्यांच्यासमोर उघडून ओता.

मुलाखतीला जाल तेव्हा आधी प्रकल्प पाहायला मागा. रोज किती ओला कचरा येतो, त्यातला किती वेगळा केलेला असतो, चाळणीवर उरलेला माल कुठे जातो, खताची शेवटची गाडी कधी आणि कोणाकडे गेली, एवढं विचारा. उत्तरं कार्यालयातून न देता कोणी तुम्हाला थेट ढिगापाशी घेऊन गेलं, तर पगार थोडा कमी असला तरी तिथे रुजू व्हा.