दरी-डोंगरातली एक दिवसाची सफर: गाडी, वेळ आणि उतार

नकाशावर १५० किलोमीटर दिसले, तरी वळणावळणाच्या रस्त्यावर सरासरी ताशी ३५-४० च्या पुढे जात नाही. थांबे धरून आठ तास सहज जातात. खोल दरीच्या तळाशी ऊन दुपारच्या आसपासच पोचतं, म्हणून तिथे अकरा ते दोनच्या दरम्यान असा. कड्यावरचे थांबे सकाळ-संध्याकाळसाठी ठेवा. मोबाइलला रेंज नसतेच असं धरून नकाशा आधीच डाउनलोड करा. टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासा.

खरी परीक्षा उतारावर. चढायला जो गियर लागला असता, त्याच गियरमध्ये उतरा, तेही उतार सुरू व्हायच्या आधी टाकून. ब्रेकवर सतत पाय ठेवला की पॅड तापतात, पकड जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं असेल तर लवकर उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) कोरडं असताना किमान २३० अंशांवर उकळतं, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. दोन वर्षांत बदललं नसेल तर निघण्याआधी बदला.

ब्रेक थोडा वेळ पक्का दाबा, वेग उतरला की सोडा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास थंड होऊ द्या. पाणी ओतू नका, डिस्क वाकते. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणं हा निव्वळ वेडेपणा.

अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.