रॉड किती फुटी घ्यावा? लांबी, ताकद आणि ॲक्शनचा हिशेब

नऊ फुटी रॉड म्हणजे दणकट आणि सहा फुटी म्हणजे पोरखेळ, असं गळ टाकायला नव्याने लागलेल्या बऱ्याच जणांना वाटतं. लांबी आणि ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. उलट लांब रॉडचा फायदा आमिष फेकताना तुम्हाला होतो आणि मासा लागल्यावर माशाला.

१. आधी उभं कुठे राहणार ते ठरवा

बोटीत मासा पायाशीच येतो, तिथे ६ ते ७ फूट पुरेत. समुद्रकिनाऱ्यावरून लाटांपलीकडे आमिष टाकायचं तर १० ते १३ फूट लागतात: टोक वेगाने फिरतं, फेक लांब जाते आणि लाइन (गळाचा दोरा) लाटांच्या वर राहते. झाडीत मात्र आखूडच घ्या. लांब रॉड मागे न्यायला जागा नसते आणि नेमही आखूड रॉडनेच चांगला साधतो.

२. ओढाताणीचं गणित करून बघा

रॉडचा बुंधा पोटाला टेकवलाय, पुढचा हात बुंध्यापासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि लाइनला २ किलोचा ताण आहे, असं धरा. ताणलेली लाइन बुंध्यापासून काटकोनात मोजली तर १.५ मीटरवर असेल, तर पुढच्या हातावर १० किलोचा भार येतो. तेच अंतर २.१ मीटर झालं, तर १४ किलोचा. मासा तोच, लाइन तीच, वाढली फक्त तरफ.

रॉड वाकला की हे अंतर घटतं. त्यामुळे मधून वाकणारा लांब रॉड सुसह्य वाटतो. फक्त टोकाला वाकणारा, ताठ लांब रॉड मनगट आणि खांदा पिळून काढतो. मासा जवळ आल्यावर रॉड सरळ आभाळाकडे उचलू नका. सगळा वाक टोकात गोळा होतो आणि टोक तुटतं.

३. पॉवर आणि ॲक्शन वेगवेगळे तपासा

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. दुकानात रॉड हवेत झटकून यातलं फारसं काही कळत नाही, तरी सगळे झटकतातच! त्यापेक्षा लाइन सगळ्या गाइडांतून (रॉडवरच्या कड्यांतून) ओवून स्प्रिंगच्या ताणकाट्याला बांधा, दुसऱ्या कुणाला काटा धरायला सांगा आणि हळूहळू ताण वाढवा. रॉड आणि लाइन यांच्यातला कोन ९० अंशांच्या आसपास ठेवा. वरचा तिसरा हिस्साच वाकला तर फास्ट, निम्म्यापर्यंत वाक आला तर मॉडरेट, मुठीपर्यंत उतरला तर स्लो. काट्यावरचा आकडा पॉवर सांगतो.

‘मीडियम’, ‘हेवी’ ही लेबलं प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने लावते. मुठीच्या वर आमिषाचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं, ते जास्त कामाचं.

४. रील (लाइन गुंडाळायची चरखी) लावून हातात तोला

लांबी वाढते तशी हातापासून दूरच्या वजनाची झळ जास्त लागते. रील लावा, रीलच्या जरा पुढे रॉडखाली बोट ठेवा. टोक झपकन खाली गेलं तर तासाभरात मनगट दुखेल, आणि दमलेल्या हाताला माशाची हलकी टोच कळत नाही. इथे फायबरग्लासपेक्षा हलका कार्बन बरा. पण लाइन सैल असेल, तर महागड्या कार्बनलाही काही जाणवणार नाही.

लांब रॉडचं टोक फेकीनंतरही थोडा वेळ झुलत राहतं, म्हणून पटापट छोट्या फेकी करायच्या असतील तर आखूडच बरा. दूरवरच्या माशाच्या तोंडात गळ रोवायचा असेल, तेव्हा मात्र एका झटक्यात जास्त लाइन ओढून घेणारा लांब रॉड उपयोगी पडतो, विशेषतः ताणली जाणारी नायलॉनची मोनो लाइन असेल तर.

टोक हातभर मोडलं आणि उरलेल्यावर नवा टिप गाइड चिकटवला, तर रॉड आखूड होतो, पण कमी पॉवरचा होत नाही. सगळ्यात लवचिक भागच गेल्यामुळे तो ताठ होतो. पूर्वी सहज जाणारी हलकी आमिषं त्याने आता नीट फेकली जाणार नाहीत, जरा जड बांधा.