रेट्रो पार्टी ठरवताना आधी वयं मोजा

इव्हेंटच्या धंद्यात नवा होतो तेव्हा माझ्या लेखी 'रेट्रो' म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या साड्या, केसांचा फुगा आणि ब्लॅक अँड व्हाइट जमान्यातली गाणी. 2019 मध्ये पुण्यात, एरंडवण्यातल्या एका लॉनवर एका काकांची साठी होती. 'रेट्रो डान्स पार्टी करा,' एवढंच त्यांच्या मुलीनं सांगितलं होतं. मी मन लावून पन्नास-साठच्या दशकातली यादी केली. पहिला पाऊण तास फ्लोअरवर दोन लहान मुलं आणि फोटोग्राफर.

नाचल्या फक्त काकांच्या आई. 1951 च्या 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' लागलं आणि चौऱ्याऐंशीच्या आजी खुर्चीतून उठून भगवानदादांसारखे हात हलवायला लागल्या. मी तिथंच उभ्याउभ्या हिशेब केला. आजी 1951 ला सोळा वर्षांच्या. काका 1975 ला. आणि माझ्या यादीत 1970 नंतरचं एकही गाणं नव्हतं! डीजेला म्हटलं, आरडी, बप्पी लाहिरी, बिद्दू यांची गाणी लाव. 1980 च्या 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' सुरू झालं तसे काकांचे कॉलेजचे मित्र हातातल्या डिश तशाच ठेवून आले.

तेव्हापासून यजमानांना पहिला प्रश्न हाच विचारतो, पाहुणे सोळा ते पंचविशीत कधी होते? थीम, कपडे, सगळं त्यावरून ठरतं. आता चाळिशीतले लोक रेट्रो म्हणतात तेव्हा त्यांना नव्वदीचं दशक हवं असतं, बेलबॉटम नको.

सजावटीवर फार खर्च करू नका. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा, खराब झालेल्या एलपी रेकॉर्ड, जुने रेडिओ मिळतात. भाव निम्म्यापासून सुरू करा. पण खऱ्या रेकॉर्डवर नाचवायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा हौसेनं टर्नटेबल लावला होता. लाकडी स्टेजवर वीस जण एकदम उड्या मारायला लागले की सुई उडते. रेकॉर्ड टेबलावर शोभेला, गाणी लॅपटॉपवरून.

आरशाचा गोळा तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या दुकानांत चौकशी करून घ्या, पण नुसता गोळा टांगून काही होत नाही. त्यावर एक बारीक झोताचा दिवा रोखावा लागतो आणि बाकी उजेड कमी करावा लागतो. नेमका तेव्हाच व्हिडिओवाला हॅलोजन लावतो. त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

तिकीट लावणार असाल तर संगीताचे परवाने बघा. ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे (ते परवाने पीपीएल वगैरे कंपन्या देतात), गीत-संगीताचे वेगळे (ते आयपीआरएस ही संस्था देते).

खरी कसरत वेळेची. उघड्या लॉनवर रात्री 10 ला स्पीकर बंद करावेच लागतात. पत्रिकेत सात लिहिलं की माणसं आठला येतात, साडेआठला बुफे उघडला की फ्लोअर रिकामा, आणि बासुंदी-पुरीनंतर कोण नाचतंय? म्हणून मी आता साडेसातला चाट, कोकम सरबत फिरवतो आणि जेवण सव्वानऊच्या आधी उघडू देत नाही. केटरर कुरकुरतो. त्याला ही वेळ आगाऊ रक्कम देतानाच कागदावर लिहून द्या.